आडवेरावाला उठवायचं कसं

गहिनीनाथ सलग तीन दिवस दुकानात आडवा पडून होता, आणि कोणी विचारलं तर म्हणायचा, "काम चालूय."

दुकान फ्लेक्सचं. तिसगावच्या बाजारपेठेत माझ्या शिलाईच्या दुकानाला त्याची भिंत लागून. फरशीवर एक बिघडलेला फ्लेक्स अंथरलेला, त्यावर कुठल्याशा भावी सभापतीचा हसरा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर गहिनीनाथ उताणा. गिऱ्हाईक आलं की हा पडल्या पडल्याच सांगायचा, "कॉम्प्युटर चालू करा. डाव्या अंगाला फोटो टाका. चेहरा मोठा घ्या. अजून मोठा. आता मारा प्रिंट." गिऱ्हाईक बिचारं आपल्या साहेबाचा वाढदिवस आपणच छापून घ्यायचं आणि जाताना याचा पंखाही वाढवून जायचं. मग गहिनीनाथ छातीवरच्या वहीत काहीतरी टिपून ठेवायचा.

मला लोकांचं लोळणं मुळात खपत नाही. तिसऱ्या दिवशी मी मशीन सोडून उठले आणि दारात जाऊन उभी राहिले. "काय हो, बरं नाही का?"

"बरं हाय. पानी द्या जरा, सुमनताई."

मी दिलं. याने वहीत लिहिलं. मी वही हिसकावून पाहिली तर ओळ होती: 'सुमनताई. पाणी. एकाच हाकेत.' त्याच्या वर गिऱ्हाइकांची नावं आणि कोणाला किती हाका लागल्या त्याची नोंद. माझा नंबर पहिला होता.

"लाज वाटते का काही? काय नाटक आहे हे?"

"खलनायक बनवतोय," तो छताकडे बघत म्हणाला. "आळशी पायजे, पन समदं राज्य त्यालाच पायजे. न उठता कुठवर जमतंय ते बघतोय."

आता हे प्रकरण नीट सांगायला हवं. गहिनीनाथ आधी आमच्याकडच्या निम्म्या लोकांसारखा ऊस तोडायला जायचा. सात वर्षांमागे त्याची बायको मंदा उसातच गेली. ताप आला होता, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्यानंतर त्याने कोयता हातात धरला नाही. पुण्याला एका छापखान्यात कामाला लागला. तिथे कॉलेजच्या पोरांनी एका खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक छापून घेतलं होतं. त्यातल्या एका प्रतीत बांधताना सोळा पानं राहून गेली, म्हणून ती रद्दीत पडली. याने ती उचलली आणि मोबाईलवर एकेक शब्द शोधत दोन वर्षं वाचली. गावी परत आला तो ते पुस्तक आणि फ्लेक्सचं मशीन घेऊन.

खेळ म्हणजे तोंडाने खेळायची गोष्ट. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. आपल्या पाळीला आपण काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते फासा ठरवतो. वीस तोंडांचा फासा इथे कुठे मिळणार? गहिनीनाथने वीस चिंचोक्यांवर आकडे टाकून ते डालड्याच्या डब्यात ठेवले होते. डबा हलवायचा, डोळे मिटून एक काढायचा. मोठा आकडा आला तर जमलं. पट म्हणजे फ्लेक्सची पाठ, त्यावर मार्करने काढलेले डोंगर, बारव, किल्ला. कोणी हुज्जत घातली की हा बोट वर करायचा. "तसं न्हाई चालत. नेम हाय."

खेळायला आम्ही तिघं. मंदाची धाकटी बहीण रुक्मिणी, तिचा नवरा बाबासाहेब, आणि मी. रुक्मिणी बाजारच्या दिवशी आली की आपल्या दाजींसाठी फडक्यात भाकरी बांधून आणायची. बहीण गेल्यावर सगळ्या सासुरवाडीत त्याच्या दारात येणारी ही एकटीच. दुपारी बाजार ओसरला की पट मांडायचा. माझ्याकडे तेव्हा गिऱ्हाईक नसतं आणि वीजही नसते, म्हणून मी जायचे. आवड वगैरे काही नव्हती, निदान सुरुवातीला.

आमच्याकडे मजूर मोजायचे ते कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असलं की अर्धा. गहिनीनाथने खेळातही तीच रीत ठेवली. बाबासाहेब-रुक्मिणी एक कोयता. माझा नवरा पुण्यात दुसरा संसार थाटून बसलाय, म्हणून मी अर्धा. "दीड कोयत्याची टोळी," असं त्याने वहीत चक्क मथळा देऊन लिहिलं. मी म्हटलं, मला निदान खेळात तरी पूर्ण धरा. तर म्हणे, नेम हाय.

रुक्मिणी खेळात बिबट्या झाली होती. बाबासाहेब घोडेस्वार, पण लढताना कधी दिसला नाही. त्याची पाळी आली की ठरलेलं उत्तर: "मी घोडा धरून हुभा ऱ्हातो." मग त्याच्या वाटची पाळीही रुक्मिणीच खेळायची. "असू द्या, त्येंची पाठ धरलीय," ती म्हणायची. असं म्हटलं की गहिनीनाथ डबा खाली ठेवून बाबासाहेबाकडे टक लावून बघायचा. "खरंच धरलीय का रं?" बाबासाहेब हसायचा. गहिनीनाथला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसावं.

आणि समोर हा खलनायक. त्याच्या घडणीत अख्खा श्रावण गेला. बाबासाहेबाने सुचवलं, दहा हातांचा करा. गहिनीनाथ उखडला. "धा हात म्हंजी धा हातांचं काम! आपल्याला काम न करनारा पायजे. तलवारवाला परवडला. त्याला घाम तरी येतो. ह्यो नुसता हाक मारनार."

शेवटी ठरला तो आडवेराव. किल्ल्यात पलंगावर पडलेला. पलंगाखाली पाय टाकायचा नाही, तरी बारा गावं खिशात. ती कशी घेतली तेही गहिनीनाथने पक्कं लिहिलं होतं. पहिल्या गावाकडे आडवेरावाने फक्त एक उशी मागितली. उशीला काय, गावाने दिली. मग उशी बदलायला एक माणूस मागितला. मग त्या माणसावर लक्ष ठेवायला दुसरा. मग म्हणाला, रोज वेशीच्या दाराच्या किल्ल्या मागायला कोण उठणार, इथेच उशाशी ठेवून जा. लोक ठेवून गेले. एवढंच तर मागतोय, पडून असतो बिचारा, असं प्रत्येक जण म्हणाला. मला हे ऐकताना आपल्याच ओळखीचे चार जण आठवले आणि हसू आलं. पण गहिनीनाथ गोष्ट सांगताना हसत नसे. आडवेरावाचा आवाज काढताना तो डोळे मिटून घ्यायचा आणि इतकं लाडीक बोलायचा की अंगावर काटा यायचा. "अगं, कोन हाय तिकडं? घसा सुकला की गं."

हाक मारली की एक बाई हंडा घेऊन यायची. पाणी द्यायची, पाय चेपायची, परत बारवेवर जायची. पहिल्याच डावात रुक्मिणीने विचारलं, "हिचं नाव काय?"

"नाव न्हाई."

"आसं कसं? तुमीच म्हनले ना, परत्येकाला नाव पायजे, नेम हाय म्हनून."

गहिनीनाथने चिंचोके मोजायला घेतले. वीसच होते, तरी दोनदा मोजले.

आम्ही त्या बाईला सोडवायचा किती प्रयत्न केला! मी जादूगारीण होते, तिच्यासाठी उडता पाळणा केला, आकडा अठरा आला. तरी गहिनीनाथ म्हणाला, "ती येत न्हाई. तिला येळ न्हाई." मी म्हटलं, निदान पाच मिनिटं बसू तरी द्या तिला. "ती बसत न्हाई," तो म्हणाला, आणि तो डाव त्याने तिथेच आवरला.

पुस्तकातली हरवलेली सोळा पानं खलनायक कसा मरतो त्याचीच असणार, अशी याची खात्री. म्हणून आडवेरावाचा शेवट याने स्वतः लिहिला, पाकिटात घातला, फ्लेक्स चिकटवायच्या सोल्यूशनने पाकीट बंद केलं आणि नाथांच्या तसबिरीमागे ठेवलं. आम्ही बरोबर मर्मावर हात ठेवला तरच ते उघडणार होतं.

भाद्रपदात एकदा त्याने मला भिंतीपलीकडून हाक मारली. उठून आला नाही, अर्थातच. मी कात्री आपटून गेले.

"सुमनताई, दसरा झाला की रुक्मिनीचे ऊसतोडीचे ट्रक लागत्याल. त्याच्या आत आडवेराव मेला पायजे."

"मग मारा की. तुमचाच आहे."

"माझ्या हातनं न्हाई. रुक्मिनीच्या हातनंच. तिला तुमी काय सांगू नका, पन तिला वळवा जरा. पलंगाकडं बघायचं सोडून दुसरीकडं बघा म्हनावं."

"आणि नाही मेला तर?"

"मग ती जाईल," तो म्हणाला, "आन मी परत एक वरीस भाकरी खाईन तिची." एवढं बोलून त्याने कूस बदलली. भाकरी खाण्यात एवढं काय दुःख, हे मला कळेना. चिडून मी परत आले आणि एका पोलक्याची बाही उलटी जोडून ठेवली.

दसऱ्याच्या आधीच्या बाजारी शेवटचा डाव पडला. ट्रक चार दिवसांवर आलेले. रुक्मिणीच्या अंगात कसकस होती, डोळे ओढलेले, तरी भाकरी घेऊन आली होती. आम्ही एकदाचे किल्ल्यात शिरलो. आडवेराव पलंगावर, उशाशी बारा गावांच्या किल्ल्या.

"मी घोडा धरून हुभा ऱ्हातो," बाबासाहेब म्हणाला.

मी मंतरलेल्या सुया फेकल्या. एकोणीस! आयुष्यात माझा एवढा मोठा आकडा कधी आला नव्हता. मी टाळी वाजवली. गहिनीनाथने डोळे मिटले. "लागल्या. आडवेराव म्हनतो, अगं, कोन हाय तिकडं? सुया टोचल्या की गं. काढ बरं." बाई आली, तिने एकेक सुई काढली, पाणी दिलं, हंडा उचलला. झालं, माझे एकोणीस पाण्यात गेले.

रुक्मिणीची पाळी. ती पटाकडे बघत राहिली. बिबट्या आता नरडीवर जाणार, असं मला वाटलं. वळवायचं वचन मी दिलं नव्हतं, तरी हळूच म्हटलं, "पलंगाकडे बघू नकोस गं."

"न्हाईच बघत," ती म्हणाली. "मी त्या बाईच्या हातातला हंडा घेते."

गहिनीनाथने सवयीने डबा पुढे केला. "चिंचोका काढ. पंधराच्या वर पायजे."

"हंडा घ्यायला चिंचोका कशाला लागतो, दाजी? पुढं व्हायचं आन घ्यायचा."

त्याने पुस्तक उघडलं, मिटलं. वही उघडली, मिटली. "ह्याला नेम न्हाई," तो म्हणाला.

"मग घेतला. आता तिला म्हनावं, बस बाई. पानी मी बघते. तू बस." मग तिने विचारलं, "बसली का?"

गहिनीनाथने डब्याला झाकण लावलं. "बसली," तो म्हणाला, आणि तसबिरीकडे हात केला.

पाकीट मीच फाडलं. आत एकच ओळ. 'पाणी आणणारी बसली, की आडवेराव मेला.' मी मोठ्याने वाचली. बाबासाहेब उठून नाचायलाच लागला. "जिकलो! आरं, दीड कोयत्यानं मारला!" त्याची पाठ एकदम बरी झालेली दिसत होती.

रुक्मिणी हलली नाही. "ती बसली म्हनून ह्यो का मरतो, दाजी?"

मग गहिनीनाथ बोलला. आडवेरावाचा आवाज नव्हता तो, आणि डोळेही उघडे होते.

"त्या सालाला माझी पाठ गेल्ती, तुला ठावं हाय. आठ दिस उठता येत नव्हतं. मंदा एकटी तोडायची, एकटी मोळ्या बांधायची, गाडी भरायची. अर्ध्या कोयत्यानं पुरा कोयता वढला तिनं. नवव्या दिशी माझी पाठ बरी झाली. मी सांगितलं न्हाई. बरं वाटत हुतं गं पडून. हाक मारली की ती फडातनं यायची, पानी द्यायची, जायची. अंगात ताप हुता तिच्या. मला म्हाईत हुतं. आज उठू, उद्या उठू, आसं करत बारा दिस काढले. येका दुपारी पानी दिलं आन कोपीच्या दारात बसली. ती कधी बसायची न्हाई. मला राग आला. मी म्हनलं, बसलीस काय, चहा टाक."

बाहेर बाजारातलं कोणीतरी ताडपत्री झटकत होतं. बाबासाहेब नाचता नाचता खाली बसला होता.

"किती दिस म्हनले?" रुक्मिणीने विचारलं.

"बारा."

"पाठ बरी झाल्यावर?"

"व्हय."

ती उठली, पदर खोचला. मला वाटलं, आता ही त्याच्या थोबाडीत मारणार. मारली असती तरी मी मधे पडले नसते, खरं सांगते. पण ती पाकिटातल्या कागदाकडे बोट करून म्हणाली, "मेला म्हंजी सुटला की ह्यो. तसं न्हाई चालत, दाजी. नेम हाय." आणि गेली. भाकरी तशीच फडक्यात राहिली.

नंतरचे चार दिवस दुकानाचं शटर अर्धं खाली. आत गहिनीनाथ त्याच भावी सभापतीच्या चेहऱ्यावर पडलेला. या वेळी वही नव्हती, पंखा बंद, हाक नाही. दोन वेळा मी जेवणाचा डबा सरकवला, दोन्ही वेळा तसाच परत आला. मला त्याची दया येत होती आणि संतापही येत होता. मंदाचं पोलकं मी शिवलेलं आहे. हसरी होती पोर, मापं देताना गुदगुल्या होतात म्हणायची. तिसऱ्या दिवशी राहवेना. मी आत वाकून ओरडले, "उठा आता! पुरे झालं!"

"सुमनताई," तो छताकडे बघत म्हणाला, "त्या सोळा पानांत काय आसंल हो? खलनायक मेला न्हाई तर त्यानं पुढं काय करायचं, ते आसंल का?"

"मला काय माहीत? मी पोलकी शिवते," मी म्हटलं आणि रडू येईल म्हणून तिथून निघाले.

ट्रक निघायच्या दिवशी सकाळी मी रुक्मिणीची दोन पोलकी द्यायला गेले. पाथर्डी रस्त्याला ट्रक उभा. भांडी, सरपण, फडावर कोपी म्हणजे झोपडी उभारायचे बांबू, दोन शेळ्या, आणि सगळ्यांत वर गाठोड्यांवर बाबासाहेब आडवा. रुक्मिणी खाली-वर करत सामान चढवत होती. ताप उतरला नव्हता, हात लावला तर कळत होतं. मी म्हटलं, नको जाऊस. ती म्हणाली, "मुकादमाला सबूद दिलाय, ताई." मी पोलकी तिच्या गाठोड्यात खोचली.

तेवढ्यात मला हापशाजवळच्या कडुलिंबाखाली गहिनीनाथ दिसला. चार दिवसांची दाढी, काखेत गुंडाळलेला फ्लेक्स. पुढे यायची हिंमत नव्हती. मीच गेले. फ्लेक्स उलगडून पाहिला तर आमचा पट, डोंगर, बारव, किल्ला सगळं तसंच. फक्त पलंग खोडला होता, आणि बारवेजवळ काढलेल्या बाईच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मंदा.

"कोपीवर टाकायला व्हईल," तो म्हणाला. "गळत न्हाई. तुमी द्या."

मी नेऊन दिला. रुक्मिणीने उलगडला, नाव वाचलं, परत घडी घातली आणि तो घेऊन वर चढली. क्लीनरने ट्रकचा मागचा फाळका लावला. ड्रायव्हरने हॉर्न मारला. गहिनीनाथ लिंबाखालून हलला नाही.

मग रुक्मिणीने बाबासाहेबाला एक ढोसणी दिली. "उठा तुमी. उठा आधी! पाठबीठ काय न्हाई. वरनं धरा." तिने पाण्याचा रिकामा कॅन उचलला, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, "दाजी! पानी!" आणि कॅन खाली फेकला.

मी गहिनीनाथला पळताना कधी पाहिलं नव्हतं. त्याने धुळीतला कॅन उचलला, हापशावर जीव खाऊन हापसलं, भरलेला कॅन खांद्यावर घेऊन तो ट्रककडे धावत सुटला. झाकण लावायचं राहिलं होतं, सगळा शर्ट भिजला. बाबासाहेबाने वाकून कॅन वर ओढला. खालून गहिनीनाथने विचारलं, "आजून आनू का?"

रुक्मिणीने तांब्या भरून घेतला, एका गाठोड्यावर टेकली, आणि कसली घाई नसल्यासारखी बसून सगळं पाणी प्यायली. ट्रक हलेपर्यंत गहिनीनाथ खाली उभा होता.